बेदाण्याच्या सीझनमध्ये एक जीबीचा सर्व्हर: सांगली जिल्ह्यातल्या एका कोल्ड स्टोरेजचं प्रकरण

पार्श्वभूमी

तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ या पट्ट्यात बेदाण्याची कोल्ड स्टोरेजेस भरपूर आहेत, त्यातल्याच एकाची ही हकिकत. नाव-गाव सांगत नाही, ओळख पटेल असे एकदोन तपशील बदललेत आणि आकडे गोल केलेत, पण तांत्रिक भाग घडला तसाच ठेवलाय. मी सांगलीत वेबसाइट आणि सर्व्हरची कामं करतो आणि या प्रकरणात मला मधूनच बोलावलं होतं, म्हणजे सगळं उभं राहून बंद पडायला लागल्यावर.

शेडवर बेदाणा तयार झाला, ग्रेडिंग झालं की शेतकरी १५ किलोचे बॉक्स भरून स्टोरेजला आणतो, त्याला लॉट नंबर पडतो, आणि मग दर बघत बघत थोडा थोडा माल सौद्याला म्हणजे लिलावाला काढला जातो. त्यामुळं फेब्रुवारी-मार्चपासून ऑफिसातला फोन एकाच प्रश्नासाठी वाजत राहतो, "माझं किती बॉक्स शिल्लक हाईत बघा की जरा". दिवाणजी रजिस्टर काढणार, लॉट शोधणार, जावक वजा करणार, तोवर दुसरा फोन.

मालकांचा भाचा पुण्यात कॉम्प्युटरचं शिकतोय, त्यानं सुट्टीत यावर एक ॲप करून दिलं. लारावेल (पीएचपी भाषेतला वेब ॲपचा सांगाडा) आणि मायएसक्यूएल (डेटाबेस), साधं सरळ. शेतकऱ्यानं मोबाइल नंबर आणि पिन टाकला की शिल्लक बॉक्स, आवक-जावकीच्या तारखा आणि आजपर्यंतचं भाडं दिसतं. ऑफिसमधल्या जुन्या स्टॉक सॉफ्टवेअरमधला डेटा दर १० मिनिटांनी एक स्क्रिप्ट वर पाठवते, आणि रात्री गाडी आली तर गेटवरचा माणूस मोबाइलवरून ॲपमध्येच आवक टाकतो आणि काटा पावतीचा फोटो जोडतो. वापरणारे तीनचारशे शेतकरी. पोरानं काम चांगलं केलं होतं हे मी आधीच सांगतो, कारण पुढं ज्या गोष्टी निघाल्या त्या बहुतेक सगळ्या डीफॉल्ट सेटिंगच्या होत्या.

आधी शेअर्ड होस्टिंग होतं पण तिथं बाहेरून डेटाबेसला जोडता येईना, म्हणून त्यानं एक छोटा व्हीपीएस, म्हणजे भाड्याचा स्वतंत्र आभासी सर्व्हर, घेतला. १ जीबी रॅम, १ कोअर, २५ जीबी डिस्क, उबंटू २२.०४, महिना ६ डॉलरच्या आसपास म्हणजे १८ टक्के जीएसटी धरून साधारण सहाशे रुपये. सर्व्हर भारतातलाच होता, आणि अशा कामाला तेच बरं, सिंगापूर नाहीतर अमेरिकेतला घेतला तर मळ्यातल्या रेंजवर आधीच हळू उघडणारं पान अजून हळू होतं.

अडचण

सीझन भरात आला तसं सौद्याच्या दिवशी सकाळी साइट बंद पडायला लागली, आणि बंद म्हणजे पूर्ण बंद नाही, दोन मिनिटं चालू, परत "डेटाबेस कनेक्शन एरर", परत चालू. भाचा पुण्याहून मोबाइलवरून सर्व्हर रीबूट करायचा, तासभर बरं चालायचं. असं काही आठवडे रेटलं. मग एका सौद्याच्या दिवशी रीबूट केला आणि मायएसक्यूएल उठेचना. शेतकऱ्यांचे फोन परत सुरू, आणि यावेळी जास्त, कारण लोकांना ॲपची सवय लागली होती आणि दिवाणजींनी रजिस्टर रोजच्या रोज भरायचं सोडलं होतं.

मी लॉगिन करून पहिल्यांदा डिस्क बघितली, १०० टक्के. कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, लॉग बघितला तर त्यात मागच्या काही आठवड्यांत पुन्हा पुन्हा एकच ओळ, "आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस", आणि पुढं मायएसक्यूएलचं नाव. म्हणजे दोन वेगळे आजार होते. मेमरी संपायची म्हणून साइट चालू-बंद व्हायची, आणि डिस्क भरली म्हणून आता कायमची बसली. भाच्याला आणि मालकांना दोन्ही एकच वाटत होतं, "सर्व्हर बारका पडतोय", आणि हे वाटणं साहजिक आहे.

तिसरी गोष्ट मला जास्त काळजीची वाटली. रोज रात्रीच्या बॅकअपचं फोल्डर उघडलं तर फायली ओळीनं होत्या, तारखा बरोबर, पण शेवटच्या पाच-सहा फायलींचा साइज शून्य. डिस्क भरल्यावर डंप, म्हणजे डेटाबेसची फाइलीत उतरवलेली प्रत, लिहिलाच गेला नव्हता, फाइल मात्र रोज तयार होत होती. आणि हे सगळे बॅकअप त्याच सर्व्हरच्या त्याच डिस्कवर.

पहिला निर्णय: काय पुसायचं

डिस्क भरलेली असताना हात लगेच मोठ्या फायलींकडं जातो. मायएसक्यूएलच्या फोल्डरमध्ये बायनरी लॉगच्या (डेटाबेसमधला प्रत्येक बदल नोंदवणाऱ्या) फायली मिळून १४ जीबी होत्या, आणि भाचा फोनवर म्हणाला, "दादा, त्या उडवू का, नुसते लॉगच आहेत ना." मी थांबवलं. या फायली हातानं पुसल्या तर मायएसक्यूएलच्या यादीत त्या राहतात आणि प्रत्यक्षात नसतात, मग सुरू होताना किंवा पुढं सफाई करताना तो अडखळू शकतो. त्या काढायच्या त्याच्याच कमांडनं, आणि त्यासाठी आधी तो चालू हवा, आणि तो चालू व्हायला डिस्कवर थोडी जागा हवी.

म्हणून क्रम असा ठेवला. सगळ्यात आधी होस्टिंगच्या पॅनेलमधून पूर्ण सर्व्हरचा स्नॅपशॉट (आहे तशी प्रत) घेतला, म्हणजे काही बिघडलं तर निदान आजच्या स्थितीला परत येता येईल. मग काटा पावतीचे फोटो आणि शेवटचा धड असलेला डंप माझ्या मशीनवर उतरवून घेतला. मग जे गेलं तरी चालू डेटाला धक्का लागत नाही असंच पुसलं: पॅकेजची कॅश, सिस्टिमचे जुने जर्नल लॉग, आणि बॅकअपमधल्या जुन्या तारखांचे डंप. एवढ्यानं दोनेक जीबी मोकळे झाले, मायएसक्यूएल उठला, टेबलं तपासली, डेटा शाबूत होता. त्यानंतर मायएसक्यूएलच्याच पर्ज (सफाईच्या) कमांडनं बायनरी लॉग काढले.

हा क्रम थोडा वेळखाऊ आहे आणि मागं मालक उभे असतात, फोन वाजत असतात, तरी तो मोडू नये असं माझं ठाम मत आहे, कारण त्या क्षणी आपल्याकडं एकही ताजा बॅकअप नव्हता.

पर्याय काय काय होते

साइट चालू झाल्यावर संध्याकाळी स्टोरेजवर बसलो, मालक, मी आणि फोनवर भाचा.

मालकांचा पहिला प्रश्न सरळ होता, "मोठा घ्या की ओ, महिन्याला सहाशे जास्त गेले तर काय बिघडतंय?" पैशाच्या हिशोबानं बरोबरच आहे, १ जीबीचा २ जीबी केला तर भाडं साधारण दुप्पट होतं, आणि एवढ्या मोठ्या धंद्यात ते काहीच नाही. पण कशानं भरतंय हे न बघता मोठा घेतला तर तो पण भरणार, थोड्या उशिरानं, आणि तेव्हा सीझन अजून भरात असणार. शिवाय डिस्क वाढवली की बहुतेक ठिकाणी परत लहान करता येत नाही.

दुसरा पर्याय त्यांनीच काढला, ऑफिसातच एक कॉम्प्युटर ठेवायचा. "जनरेटर आहे, लाइट जात नाही, बाहेर कशाला ठेवायचं?" कोल्ड स्टोरेजला जनरेटर असतोच, त्यामुळं हा मुद्दा मी उडवून लावला नाही. पण तिथल्या ब्रॉडबँडला स्वतःचा पब्लिक आयपी नव्हता, कंपनी एकच आयपी कितीतरी गिऱ्हाइकांत वाटते, त्यामुळं बाहेरून थेट आत येताच येत नाही. स्टॅटिक आयपी घेता येतो, किंवा टनेल (बाहेरच्या सर्व्हरमार्फत आत यायचा रस्ता) टाकता येतो, पण मग लाइनच्या भरवशावर सगळं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांपर्यंत गेलं होतं, तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. स्टोरेज उंचावर आहे, तिथं पाणी येणार नाही, पण शहरातून येणारी इंटरनेटची लाइन आणि त्यामागची उपकरणं उंचावर आहेत की नाही हे आपल्या हातात नाही. मालकांचं बाजारपेठेतलं जुनं ऑफिस त्या पुरात गेलं होतं, त्यामुळं पुढं जास्त बोलावं लागलं नाही.

गुगल शीट शेअर करायची हा पण एक पर्याय, फुकट आणि न पडणारा. पण मग प्रत्येकाला प्रत्येकाचा माल दिसणार, आणि कुणाकडं किती बॉक्स पडून आहेत ही माहिती सौद्यात दर पाडायला वापरली जाऊ शकते. दिवाणजींनीच नको म्हणून सांगितलं.

डेटाबेस वेगळा, मॅनेज्ड (देखभाल कंपनीच करते असा) घ्यायचा तर त्याचं भाडंच सर्व्हरच्या दुपटीच्या वर जात होतं. भाच्यानं एसक्यूलाइटचं (एका फाइलीतला हलका डेटाबेस) नाव काढलं, आणि खरं सांगायचं तर एवढ्या कामाला एसक्यूलाइट छान पुरेल, मेमरीचा अर्धा प्रश्न तिथंच सुटेल. पण भर सीझनमध्ये डेटाबेस बदलायचा नाही.

राहिलेला पर्याय, आहे त्याच सर्व्हरवर कारण शोधून कमीत कमी बदल करायचे, आणि ते करूनही पुढच्या सौद्याला साइट पडली तर २ जीबी घ्यायचा. मालकांना हे पटलं कारण शेवटी मोठा घ्यायची वाट उघडी होती.

मेमरी कुठं जात होती

सर्व्हरवर अपाची हा वेब सर्व्हर होता, प्रीफोर्क पद्धतीचा, म्हणजे एकावेळच्या प्रत्येक विनंतीला वेगळा प्रोसेस (वर्कर), आणि त्यात पीएचपी आतच बसवलेलं. उबंटूवर याची एकावेळच्या वर्करची मर्यादा डीफॉल्टनं १५० असते. या ॲपचा एक वर्कर मोजला तर ४५ एमबीच्या आसपास. १५० गुणिले ४५ म्हणजे साडेसहा जीबीच्या वर, आणि आपल्याकडं आहे १. दहा टेबलांच्या हॉटेलात दीडशे गिऱ्हाइकं आत घेतल्यासारखं. एरवी एवढे वर्कर कधी लागत नाहीत म्हणून कळत नाही, पण सौद्याच्या सकाळी पान उशिरा उघडलं की शेतकरी परत परत रिफ्रेश मारतो, प्रत्येक रिफ्रेशला नवीन वर्कर, मेमरी संपते, आणि कर्नल सगळ्यात जास्त मेमरी धरून बसलेला प्रोसेस मारतो, तो असतो मायएसक्यूएल. सिस्टिमडी (बंद पडलेला प्रोग्राम परत चालू करणारा) त्याला परत उठवतो, मेमरी तशीच भरलेली असते, परत मरतो. म्हणून ते दोन मिनिटं चालू, दोन मिनिटं बंद. स्वॅप (रॅम कमी पडली तर वापरायची डिस्कवरची जागा) अजिबात नव्हता, क्लाउडवरच्या उबंटूत बऱ्याच ठिकाणी तो नसतोच.

त्यात क्रॉनची, म्हणजे ठरल्या वेळेला आपोआप चालणाऱ्या कामांची, भर. भाच्यानं बॅकअप रात्री २ ला लावला होता, पण सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक वेळेवर), म्हणजे आपल्याकडं सकाळचे साडेसात. लोक सौद्याला निघायच्या आधी ॲप बघायला सुरुवात करतात नेमकी तेव्हा.

केलेले बदल: वर्कर १५० वरून १० वर आणले. कीपअलाइव्हचा (पान दिल्यावर जोडणी उघडी ठेवायचा) वेळ ५ सेकंदांवरून १ वर, नाहीतर मंद नेटवरचा एकेक माणूस एकेक वर्कर उगाच अडवून ठेवतो आणि दहाचे दहा संपतात. मायएसक्यूएलचा परफॉर्मन्स स्कीमा (स्वतःच्या कामाची मोजणी) बंद केला, त्यानं बरीच मेमरी सुटली. १ जीबीचा स्वॅप, तो रोज वापरायला नाही तर अडीनडीला. सर्व्हरचं घड्याळ आशिया-कोलकाता, बॅकअप खरोखरच रात्री.

अपाची काढून एनजिन्क्स (दुसरा वेब सर्व्हर) आणि पीएचपी-एफपीएम (पीएचपी वेगळं चालवणारा) टाकावं असं भाच्याला मनापासून वाटत होतं. रचना म्हणून ते बरोबर आहे, चित्रं आणि सीएसएस द्यायला ४५ एमबीचा वर्कर कशाला. पण आजची गरज एका आकड्यानं भागत असताना पूर्ण वेब सर्व्हर बदलायचा नाही असं ठरवलं, ते काम सीझननंतर.

डिस्क कशानं भरत होती

मला सगळ्यात शिकण्यासारखी वाटली ती ही गोष्ट. पूर्ण डेटाबेस जेमतेम तीसेक एमबीचा, आणि त्याचे बायनरी लॉग १४ जीबी. कसं काय? तर ऑफिसची स्क्रिप्ट दर १० मिनिटांनी स्टॉकचं टेबल पूर्ण डिलीट करून सगळ्या नोंदी परत इन्सर्ट करत होती. नोंदी २० हजारांच्या आसपास. मायएसक्यूएल ८ मध्ये बायनरी लॉग आपोआप चालू असतो, ३० दिवस ठेवला जातो, आणि पुसलेली प्रत्येक ओळ आणि घातलेली प्रत्येक ओळ त्यात उतरते. एका वेळेला ८ एमबी, ऑफिसच्या दहा तासांत ६० वेळा, म्हणजे रोज जवळपास अर्धा जीबी. प्रत्यक्षात दिवसभरात बदललेल्या नोंदी असायच्या शंभर-दोनशे.

स्क्रिप्ट बदलली, मागच्या वेळेपासून जे बदललं तेवढंच पाठवायचं, लॉट नंबर आधीपासून असेल तर अपडेट, नसेल तर इन्सर्ट. लॉग ३० ऐवजी ३ दिवस. पूर्ण बंदच करू असंही भाचा म्हणत होता, पण मी ३ दिवस ठेवायला लावले, कारण कुणी चुकून दुपारी काही पुसलं तर रात्रीचा डंप आणि हे लॉग मिळून त्या क्षणाच्या आधीपर्यंत मागं जाता येतं. काटा पावतीचे फोटो मोबाइलमधून तीनचार एमबीचे यायचे, ते अपलोड होतानाच लहान केले.

ही स्क्रिप्ट थेट डेटाबेसला जोडत होती, त्यासाठी मायएसक्यूएलचं ३३०६ पोर्ट (नेटवरून आत यायचं दार) सगळ्या जगाला उघडं होतं, आणि लॉगमध्ये रूट नावानं पासवर्ड मारून बघणाऱ्यांची रांग लागलेली. ऑफिसचा आयपी बदलत राहतो त्यामुळं तेवढाच आयपी सोडायचा हा उपाय चालत नव्हता. एसएसएच (लांबून सुरक्षित लॉगिन) वापरून टनेल केला, पोर्ट बंद केलं, एसएसएचला पासवर्ड बंद करून फक्त किल्लीची फाइल (की) ठेवली, बाहेरून उघडी पोर्टं तीनच, २२, ८० आणि ४४३.

बॅकअप आणि दिवाणजींचं रजिस्टर

नवा बॅकअप झिप होऊन ऑफिसचा कॉम्प्युटर रोज ओढून घेतो, आणि एक प्रत मालकांच्या ड्राइव्हवर जाते. डंप शून्य किंवा कालच्यापेक्षा फारच लहान असेल तर मेल येतो.

पण बॅकअप आहे म्हणजे तो परत उभा राहतोच असं नाही, म्हणून तो डंप माझ्या लॅपटॉपवर उभा केला आणि दिवाणजींना म्हटलं, तुम्ही रजिस्टर वाचा, मी स्क्रीनवर बघतो. त्यांनी मधले मधले लॉट निवडले. बॉक्स सगळे जुळले. मग एका लॉटला ते थांबले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "साहेब, ही गाडी बारा तारखेची हाय, तुमच्यात अकरा दिसतीया." गाडी रात्री दीडला आली होती. ॲपचं घड्याळही यूटीसीवर, लारावेलचं डीफॉल्ट तेच असतं, त्यामुळं रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळात आलेली प्रत्येक गाडी आदल्या तारखेला पडत होती. बॉक्सच्या संख्येत फरक नाही म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, पण आवक एक दिवस आधीची धरली की भाड्याचा महिना एक दिवस आधी भरतो आणि काही शेतकऱ्यांना पुढचा महिना उगाच लागू शकतो. ॲपची वेळ बदलली, गेटवरच्या जुन्या नोंदी रजिस्टरशी ताडून दुरुस्त केल्या. ज्यांच्या हिशोबात फरक पडत होता त्यांना मालकांनी स्वतः फोन करून सांगितलं, हे मला फार आवडलं.

खातं कुणाच्या नावावर

सर्व्हरचं खातं भाच्याच्या कॉलेजच्या मेलवर आणि त्याच्याच डेबिट कार्डवर होतं. रिझर्व्ह बँकेचा ऑटो-डेबिटचा नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाला, तेव्हापासून परदेशी कंपन्यांचे दर महिन्याचे पैसे आपल्या कार्डावरून आपोआप जाताना बऱ्याचदा अडकतात. इथंही एक बिल थकलेलं होतं आणि खातं बंद करण्याच्या इशाऱ्याचे मेल कॉलेजच्या इनबॉक्समध्ये न वाचलेले पडलेले. म्हणजे मेमरी आणि डिस्क दोन्ही ठीक असते तरी साइट जाण्याच्या बेतात होती. खातं मालकांच्या ऑफिसच्या मेलवर घेतलं, आगाऊ रक्कम भरून ठेवली, डोमेनही त्यांच्या नावावर केलं, भाच्याला वेगळं लॉगिन दिलं.

परिणाम

पुढच्या सौद्याला सकाळी मी ऑफिसात बसून मेमरी बघत होतो. गर्दीच्या वेळेला दहाचे दहा वर्कर भरलेले, पान उघडायला काही सेकंद थांबावं लागत होतं, पण मायएसक्यूएल मेला नाही आणि दिवाणजींचा फोनही शांत. २ जीबी घ्यायची वेळ आली नाही, सीझन त्याच सर्व्हरवर गेला. डिस्क निम्म्याच्या खाली राहिली. सीझननंतर भाच्यानं सुट्टीत एनजिन्क्स आणि एफपीएमवर नेलं, आधी वेगळ्या तासाभाड्याच्या सर्व्हरवर करून बघितलं आणि मग खऱ्यावर, तो भाग पूर्ण त्याचाच.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्यांदा साइट पडली त्याच दिवशी रीबूट करण्याआधी कर्नलचा लॉग बघितला असता तर काही आठवडे वाचले असते, रीबूटनं लक्षण जातं आणि कारण तसंच राहतं. डिस्क ८० टक्क्यांवर गेली की मेल यावा एवढी चार ओळींची स्क्रिप्ट पहिल्या दिवसापासून हवी होती, मेमरीपेक्षाही आधी, कारण मेमरी संपली तर साइट परत उठते, डिस्क संपली तर उठत नाही आणि बॅकअपही घेऊन जाते.

दिवाणजींनी रजिस्टर रोजच्या रोज भरणं सोडायला नको होतं, निदान पहिल्या सीझनला. जेवढं भरलेलं होतं तेवढंही नसतं तर तारखांची गडबड सापडलीच नसती.

स्वॅपबद्दल भाच्याचं आणि माझं अजून एकमत नाही, त्याच्या मते स्वॅपमुळं सर्व्हर मरण्याऐवजी कूर्मगतीनं रांगत राहतो आणि ते जास्त वाईट. वर्करची मर्यादा लावलेली नसती तर त्याचं म्हणणं खरं ठरलं असतं.

पुढच्या सीझनला मालकांना यातच सौद्याची पट्टी (विक्रीचा हिशोब) आणि एसएमएस हवेत. पट्टी म्हणजे पैशाचा व्यवहार, तो याच ॲपच्या डेटाबेसमध्ये घालायचा की वेगळा ठेवायचा हे अजून ठरलेलं नाही. माझं मत वेगळा ठेवावा असं आहे, शिवाय उबंटू २२.०४ चा नेहमीचा सपोर्ट एप्रिल २०२७ पर्यंतच आहे, त्यामुळं नवा सर्व्हर कधीतरी उभा करायचाच आहे, तर तो डिसेंबरात, द्राक्ष काढणीच्या आधी करूया एवढं मालकांकडून कबूल करून घेतलंय.